मुक्या सोबत्याची नखे

दुपारी घर निवांत असताना आपला कुत्रा फरशीवरून चालू लागला, की ‘टक् टक्’ असा आवाज येतो का? येत असेल, तर त्याची नखे वाढली आहेत असे समजावे. नख जमिनीला टेकू लागले, की बोटांवर ताण येतो आणि गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो. वृद्ध कुत्र्याच्या दुखऱ्या सांध्यांना हे अधिकच जाचते.

वाचकहो, हा प्रश्न केवळ त्या मुक्या जिवाचा नाही. उतारवयात आपली त्वचा पातळ होते. त्यातच रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर मांडीवर लाडाने उडी घेणाऱ्या मांजराचा साधा ओरखडाही बराच वेळ वाहत राहतो. मधुमेह असल्यास जखम चिघळण्याची भीती असते. म्हणूनच सोबत्याची नखे बेताची राखणे हा आपल्याही आरोग्यरक्षणाचा भाग आहे.

नखाच्या आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला एक सजीव गाभा असतो. त्याला धक्का लागला, की वेदना होते आणि रक्त येते. पांढऱ्या नखात हा गाभा गुलाबी दिसतो. त्याच्या अलीकडे थोडे अंतर राखून केवळ टोक कापावे. काळ्या नखात तो दिसत नाही. तेथे अगदी पातळ काप घेत जावे आणि कापलेल्या भागाच्या मध्यभागी गडद ठिपका दिसताच थांबावे. आपले नेहमीचे नेलकटर वापरू नये. त्याने नख चेपून चिरते. प्राण्यांसाठीचे वेगळे नेलकटर मिळते.

आरंभीचे काही दिवस नुसते पंजे हाताळावेत व खाऊ द्यावा. कापताना चष्मा लावून, भरपूर उजेडात, खुर्चीवर बसावे. जमिनीवर ओणवे होऊ नये. लहान प्राणी मांडीवर किंवा टेबलावर घ्यावा आणि त्याला धरायला घरातील कोणीतरी सोबत असावे. मांजराचे बोट वरून व खालून हलकेच दाबले, की आत दडलेले नख बाहेर येते. पुढच्या पायाच्या आतील बाजूचे, अंगठ्यासारखे नख विसरू नये. ते जमिनीवर झिजत नाही; वाकून मांसात रुतू शकते.

चुकून रक्त आलेच, तर घाबरू नये. चिमूटभर कॉर्नफ्लोअर नखाच्या टोकावर काही मिनिटे दाबून धरावे. दहा मिनिटांतही रक्त न थांबल्यास पशुवैद्यकांना गाठावे.

आपल्यालाच नख लागले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद असे काहीही लावू नये. प्राणी घरचा असला, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रेबीजच्या लसीविषयी विचारावे. प्राण्याच्या लसीकरणाची नोंदवही सोबत न्यावी.

हात थरथरत असतील, दृष्टी अधू असेल, प्राणी गुरगुरत असेल किंवा नख मांसात रुतले असेल, तर हे काम पशुवैद्यकांवर सोपवावे. त्यात कमीपणा मुळीच नाही.

एका बैठकीत सगळी नखे उरकण्याचा आग्रह मात्र धरू नये. पुढच्या पायांना पाच-पाच व मागच्यांना चार-चार, अशी सहसा अठरा नखे असतात. रोज एक-दोन कापली, तरी पुढील अंक आपल्या हाती येईपर्यंत सर्व पूर्ण होतील. घाई ना आपल्याला, ना त्याला!