तुरीचा संकर बांधावर अडला

‘संकरित तूर येतेय’ ही बातमी आता जुनी झाली. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने ‘आयसीपीएच ८’ हा संकरित वाण १९९१ मध्येच दिला. पाठोपाठ अकोल्याच्या कृषी विद्यापीठानेही संकरित तुरी काढल्या. तरी मराठवाडा-विदर्भाच्या शिवारात आजही ‘बीडीएन ७११’, ‘गोदावरी’ असे सरळ वाणच दिसतात.

पहिल्या संकरात खोट होती ती बीजोत्पादनात. मादी ओळीतली निम्मी झाडे परागकण देणारी निघत. ती फुलोऱ्यात एकेक ओळखून उपटायची, तर मजुरीतच बियाणे महाग होई. पुढे तुरीच्या रानटी भावंडाकडून नरवंध्यत्व, म्हणजे परागकण न देण्याचा गुण, आणले गेले, उपटाउपटी संपली आणि २०१० मध्ये मध्य प्रदेशात ‘आयसीपीएच २६७१’ प्रसारित झाला. शेतकऱ्यांच्या शेतांवरील चाचण्यांत त्याने सरळ वाणावर तीस टक्क्यांच्या आसपास आघाडी घेतली.

म्हणजे शास्त्रज्ञांनी आपले काम केले. आता घोडे अडले आहे ते बांधावर. तुरीत संकर घडवतात मधमाश्या आणि त्या सातबारा पाहून उडत नाहीत. शेजाऱ्याच्या सोयाबीनमध्ये आंतरपीक म्हणून तूर असली, की तिचे पराग बीजप्लॉटात येतात आणि बियाण्याची शुद्धता जाते. त्यात फुलोऱ्यात अळीसाठी फवारणी केली, तर मधमाश्याच मरतात. हे एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले नाही. त्यासाठी अख्ख्या गावाने एकच वाण आणि फवारणीची एकच शिस्त पाळायला हवी.

केंद्राच्या ११,४४० कोटींच्या कडधान्य अभियानात ८८ लाख बियाणे संच फुकट वाटायचे आहेत. त्यातला थोडा पैसा अशा बीजगावांकडे वळवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फुकटची पिशवी एका हंगामात संपते. बियाणे पिकवायला शिकलेले गाव दरवर्षी पुरवठा करते.

संकरित वाणाचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. ते शेतकऱ्याला परवडेल का? कपाशीचे तो घेतोच. सोयाबीनला एकरी तीस किलो बियाणे लागते, तुरीला पाचेक किलो पुरते. पण तुरीला भाव मिळणार असेल, तरच तो पिशवीत पैसे घालेल. २०२५-२६ साठी हमीभाव क्विंटलला आठ हजार रुपये जाहीर करायचा आणि शुल्कमुक्त आयातीचे दारही उघडे ठेवायचे, हे एकत्र चालणार नाही. काढणीच्या महिन्यांत तरी ते दार बंद ठेवा. नाहीतर संकराने वाढलेल्या क्विंटलांनी शेतकऱ्याचाच भाव पडेल.