सही करण्याआधी शाळेची वही वाचा

गावकरी मंडळी आणि आयाबायांनो,

आपल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेची व्यवस्थापन समिती यंदा नव्याने निवडली गेली असेल, तर ३१ डिसेंबरच्या आत शाळेचा तीन वर्षांचा विकास आराखडा तयार व्हायला हवा. आर्थिक वर्ष संपायच्या किमान तीन महिने आधी, असा नियम आहे. समिती जुनी असेल तर निदान पुढच्या वर्षाचं काय ठरलंय ते बघायला हवं. हे काम पुण्यातल्या कचेरीचं नाही, पंचायत समितीचंही नाही. कायद्याने ते तुमचं आहे. तुमच्यातल्या बहुतेकांना याची खबरच नसते, म्हणून घाईने हे लिहितोय.

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. आराखडे कसे होतात ते मला ठाऊक आहे. काही मीच केलेत. डिसेंबर सरत आला की केंद्रप्रमुखांचा फोन यायचा, "गुरुजी, तुमचा आराखडा राहिलाय." मग मागच्या वर्षीचा कागद काढायचा, साल बदलायचं, पटसंख्या बदलायची आणि इतिवृत्ताची वही पिशवीत घालून सह्या गोळा करायला निघायचं. एका वर्षी अध्यक्ष कांद्याला पाणी देत होते. बांधावरच मोटारसायकलच्या टाकीवर वही ठेवली. त्यांनी ओले हात पायजम्याला पुसले, "कुठं करू?" म्हणून विचारलं, आणि मी बोट ठेवलं तिथं सही केली. वर काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही, मीही वाचून दाखवलं नाही. मुलींच्या शौचालयाला पाण्याची सोय करावी, असा तो ठराव होता. पुढच्या वर्षी पुन्हा तोच, अक्षरन् अक्षर तसाच. तिसऱ्या वर्षी माझी बदली झाली. ठराव तिथंच राहिला असणार.

दोष एकट्या गुरुजींचा नाही आणि एकट्या पालकांचाही नाही. पण शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, आणि त्यात समितीचे किमान पाऊण सदस्य पालक असावेत, निम्म्या जागा बायकांना असाव्यात, असं स्वच्छ लिहिलंय. शाळेच्या पैशावर देखरेख समितीची, आराखडा समितीचा. एवढा अधिकार हातात असून आपण तो टाकीवर सही करून सोडून देतो.

"अभ्यासक्रम तर वरून येतो, आम्ही अडाणी माणसं काय सांगणार?" हे मी शेकडो वेळा ऐकलंय. येतो वरूनच. पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद तो ठरवते, बालभारती पुस्तकं काढते. पण पुस्तक वर्गात कसं उघडायचं, हे गावातच ठरतं. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याला वेगळं काढलं गेलं ते उगाच नाही. माझ्या वर्गातली पोरं जिल्ह्यातल्या नद्यांची नावं धडाधडा म्हणायची, पण शाळेमागचा ओढा कुठल्या नदीला मिळतो ते एकालाही सांगता यायचं नाही. एकदा एका पोराच्या आजोबांना वर्गात बोलावलं. त्यांनी जमिनीवर खडूने ओढा काढला, बंधारा काढला, पूर कुठवर आला होता ती खूण केली. त्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी पोरं उठेनात. हे करायला कुठल्या शासन निर्णयाची गरज लागली नाही.

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावं, ते नेमकं मांडलं होतं: मोडी आणि बाळबोध, हिशेब, इतिहास-भूगोलाची तोंडओळख, शेतीचं ज्ञान, आरोग्य. खेड्यातल्या शाळेत विषय थोडे कमी असले तरी चालतील, पण व्यवहाराला ते कमी उपयोगाचे नसावेत, असा त्यांचा आग्रह होता. एवढ्या वर्षांनी आपण शाळेच्या सभेत बोलतो कशावर? खिचडीवर आणि गणवेशाच्या कापडावर. तेही बोलावंच, पण तेवढंच नको.

आणि लोक बोलले की काय होतं, ते आत्ताच पाहिलंय. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी सक्तीची झाली. ओरड झाली, १७ जूनला सुधारित निर्णय आला, आणि २९ जूनला सरकारने दोन्ही मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पहिलीच्या पोराला किती भाषा, यावर राज्य पेटलं, हे बरंच झालं. पण पहिली ते चौथीची पोरं एकाच गुरुजींपुढे एकाच खोलीत बसतात, यावर किती गावांत ग्रामसभा झाली? शिक्षकांना जनगणना, निवडणूक आणि आपत्तीचं काम सोडून इतर अशैक्षणिक कामाला जुंपू नये, असं कायदाच म्हणतो. आपले गुरुजी महिन्यातले किती दिवस माहिती भरण्यात घालवतात, हे कुणी विचारलं?

मग पोरं पिवळ्या व्हॅनमधून तालुक्याला जातात, पट घसरतो, आणि एक दिवस पट कमी म्हणून शिक्षकाचं पद जातं. तेव्हा मोर्चा काढून फारसं काही होत नाही. पद जायच्या आधीचा डिसेंबर महत्त्वाचा असतो.

म्हणून विनंती आहे. मुख्याध्यापकांना उद्याच विचारा की समितीची सभा कधी आहे. तारीख ठरली नसेल तर ठरवून घ्या, आणि ती संध्याकाळची ठेवा, म्हणजे मजुरीला जाणाऱ्या बायकांना येता येईल. येण्याआधी आपल्या पोराला दुसऱ्या इयत्तेचा एक धडा घरी वाचायला लावा. कुठे अडतं ते लक्षात ठेवा आणि सभेत तेच बोला. मागच्या तीन वर्षांचे ठराव काढायला सांगा. कुठला झाला, कुठला नुसता उतरवला, ते तिथंच कळेल. ज्यांची पोरं आता शाळेत नाहीत, त्यांनी ग्रामसभेत हा विषय घ्यायला लावावा.

आणि कुणी बांधावर वही घेऊन आलं, तर अगत्याने चहा द्या, ठराव मोठ्याने वाचायला सांगा, आणि सही शाळेत येऊन करा.