केस स्टडीतले काका

गेल्या अडीच वर्षांत मी नऊ वेळा स्टेजवर उभं राहून एकच गोष्ट सांगितली. कोल्हापूरच्या सुभाषनगरात चप्पल करणारे एक काका. घरात तिसरी पिढी या धंद्यात. आम्ही त्यांची वेबसाइट केली, इन्स्टाग्रामवर जाहिराती लावल्या आणि तीन महिन्यांत जाहिरातीच्या एका रुपयामागे चार रुपये वीस पैशांची विक्री झाली. पडद्यावर वर चढणारा हिरवा आलेख, शेजारी काकांचा फोटो. मांडीवर कातडं, हातात रापी, मागे भिंतीला टांगलेले जोड. इथे मी दोन सेकंद थांबायचो. टाळ्या यायच्या.

त्या गोष्टीत एकही आकडा खोटा नव्हता. गोष्ट खोटी होती. ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, कारण त्यातली खोटी ओळ मीच लिहिली होती. ओळ म्हणजे कोडची ओळ.

मी मार्केटिंगवाला नाही. कोल्हापुरातच इंजिनिअरिंग केलं, आणि जाहिरातीच्या मागचं मोजमाप जुळवून देणं हे माझं काम. तुम्ही एखाद्या साइटवर ऑर्डर दिली की ‘धन्यवाद’ असं पान उघडतं. ते पान उघडताक्षणी जाहिरात कंपनीकडे एक संदेश जातो: खरेदी झाली, अमुक रुपयांची. डॅशबोर्डवरचा हिरवा आलेख या संदेशांचा बनलेला असतो. आता कॅश ऑन डिलिव्हरीचा विचार करा. ‘धन्यवाद’ म्हणताना एक रुपयाही हललेला नसतो. पार्सल निघायचंय, पोचायचंय, दार उघडून कुणीतरी पैसे द्यायचेत. डॅशबोर्डच्या लेखी मात्र व्यवहार संपला. पार्सल परत आलं तर ते डॅशबोर्डला आपोआप कळत नाही. कळवायची सोय आहे, दोन दिवसांचं काम आहे, मी करू शकलो असतो. केलं असतं तर चार रुपये वीस पैसे उरले नसते, आणि मग स्टेजही मिळालं नसतं.

काकांची पार्सलं परत यायची. शंभरातली तीस-पस्तीस. हातानं केलेल्या चपलेचा आठ नंबर आणि कंपनीच्या बुटाचा आठ नंबर यांत फरक पडतो. नवी कोल्हापुरी पहिले काही दिवस चावते, तिला तेल पाजावं लागतं, पायाला ती हळूहळू ओळखते. आपल्याकडे हे पोरांनासुद्धा माहीत असतं. गुरुग्रामच्या बाराव्या मजल्यावर ते कुणी सांगायचं? ‘टाचेला लागते’ म्हणून परत. ‘आता नको’ म्हणून परत. फोनच उचलला नाही म्हणून परत. कुरिअरचं जायचं भाडं काकांचं, यायचंही काकांचं. जूनमध्ये पाऊस लागला आणि ओली खोकी येऊ लागली. आत बुरशी धरलेले जोड. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरवायला लागलेले दिवस, ते शिवायला लागलेले दिवस, सगळे त्या खोक्यात.

दिवाळीच्या आत काकांनी साइट बंद करायला सांगितली. मी केली. त्याच महिन्यात बंगळूरच्या एका हॉटेलात माझं पहिलं भाषण झालं.

आता तुम्ही म्हणाल, हा तुझा गुन्हा आहे, तू कबूल कर आणि गप्प बस, अख्ख्या परिषदांना कशाला शिव्या घालतोस? घालतो, कारण नऊ शहरांत मी एकटा नव्हतो. चहाच्या रांगेत, लिफ्टमध्ये, रात्री अकराला हॉटेलबाहेरच्या टपरीवर मी ज्या ज्या वक्त्याशी मोकळेपणानं बोललो, त्याच्याकडे असा एक तरी ‘काका’ निघाला. कुणाचा तुपाचा ब्रँड, कुणाची साडी, कुणाचा सेंद्रिय गूळ. चढता आलेख दाखवायचा आणि घसरण सुरू व्हायच्या आधी स्लाइड बदलायची. ‘नंतर काय झालं?’ असं विचारायला सभागृहात कुणी उठत नाही, कारण पुढच्या सत्रात त्यालाही स्टेजवर जायचं असतं.

आमच्याकडे याला नुरा कुस्ती म्हणतात. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ पासून उभं आहे, आणि तिथल्या प्रेक्षकाची कीर्ती अशी की दोन पैलवान आतून ठरवून आलेत हे त्याला डाव पडायच्या आधी समजतं. मग तो ओरडतो, शिव्या देतो, खेळवणाऱ्याला तोंड लपवायला लावतो. आमच्या पॅनेल चर्चेत चार जण सोफ्यावर बसतात, एकमेकांची वाहवा करतात, सूत्रसंचालक ‘तुमच्या यशाचं रहस्य काय’ असं विचारतो आणि पाचशे माणसं मुकाट्यानं मोबाइल बघत बसतात. कुणाची पाठ जमिनीला लागत नाही. ओरडायला प्रेक्षकच नसतो, सगळे पुढच्या जोडीचे पैलवान.

हे असंच सुरू झालं होतं असंही नाही. अमेरिकेतल्या ‘पबकॉन’ची मुळं वेबमास्टरवर्ल्डवर भेटणाऱ्या लोकांच्या पबमधल्या गाठीभेटींत आहेत, नावातच पब आहे. इंग्लंडमधलं ‘ब्रायटन एसईओ’ही एका पबच्या वरच्या खोलीत जमलेल्या थोड्या लोकांपासून वाढलं. तिथे कोण बोलतंय यापेक्षा काय फसलं हे महत्त्वाचं असणार, कारण टेबलापलीकडे बसलेला माणूस तेच काम करत होता, त्याला गंडवता येत नव्हतं. आपल्याकडे आयात झाला तो बॉलरूम. पट्ट्याला लटकवलेलं ओळखपत्र, त्याचे रंग: वक्ता वेगळा, प्रायोजक वेगळा, साधा तिकीटवाला वेगळा. दुसऱ्या दिवसापर्यंत माणूस चेहऱ्याआधी पट्ट्याचा रंग बघायला शिकतो.

आणि स्टेजचा दर. बऱ्याच ठिकाणी प्रायोजकत्वाच्या पॅकेजमध्येच भाषणाची वेळ असते. स्टॉल घ्या, वीस मिनिटं मिळतील. मोठं पॅकेज घ्या, सकाळची वेळ मिळेल, लोक जागे असताना. ऐकणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. वर्तमानपत्रात पैसे देऊन छापलेल्या मजकुरावर निदान बारीक अक्षरात ‘जाहिरात’ असं तरी असतं. माझ्यासारख्या फुकट बोलणाऱ्याला पॅकेज नसतं, प्रवेश माफ असतो. प्रवास तुमचा तुम्ही.

तो प्रवास सांगतो. मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेस, बंगळूरला रात्रीची स्लीपर बस. वरच्या बर्थवर पोटावर लॅपटॉप, निपाणीच्या पुढे नेटवर्क जातं, बेळगावात येतं. सकाळी बसमधूनच टीमच्या कॉलला हजेरी, कॅमेरा बंद, मागे कंडक्टरचा आवाज. हॉटेलच्या स्वच्छतागृहात दाढी, ब्लेझर अंगात, स्टेज. परतताना पहाटे पाचला तावडे हॉटेलपाशी उतरलं की रिक्षावाला विचारतो, ‘कुठनं आलाय?’ या अडीच वर्षांत या प्रश्नाचं खरं उत्तर मी फक्त त्यालाच दिलं. परिषदेत ‘कुठून?’ असं विचारल्यावर मी पुण्याचा असायचो. कोल्हापूर म्हटलं की समोरचा तांबडा रस्सा, चप्पल, ‘नाद खुळा’ यांवर दोन मिनिटं हसून बोलतो आणि मग त्याची नजर माझ्या खांद्यावरून पुढच्या माणसाकडे जाते. पुणं म्हटलं की निदान कंपनीचं नाव विचारतो.

याला नेटवर्किंग म्हणतात. एकाच्या मोबाइलवरचा चौकोन दुसऱ्यानं स्कॅन करायचा. नऊ परिषदांत माझ्या यादीत सहाशेवर माणसं जमली. त्यांतल्या दोघांशी मी आजही बोलतो. एक नागपूरचा, त्यानं माझ्या कोडमधली खरी चूक दाखवली, तीही जेवणाच्या रांगेत. दुसरीनं मला सध्याची नोकरी मिळवून दिली. म्हणजे फायदा झाला, नाही असं म्हणत नाही. पण दोघंही भेटले ते सत्र बुडवून बाहेर उभं असताना. तिकीट मात्र सत्रांचं विकलं जातं.

भाषणासाठी प्रवास करणं आपल्याला काही नवं नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये सुरू केली. आमचं करवीर नगर वाचन मंदिर त्याहून जुनं, १८५० चं. एसटीनं जायचं, कुणाच्या तरी घरी जेवायचं, नारळ आणि पाकीट घ्यायचं, परत यायचं, हे महाराष्ट्रातल्या वक्त्यांनी पिढ्यान्पिढ्या केलं. तिथेही कंटाळवाणी भाषणं होत असणार. पण समोर बसलेला माणूस काही विकत घ्यायला किंवा विकायला आलेला नसायचा, आणि पहिल्या रांगेतला निवृत्त मास्तर शेवटी उठून ‘आपण जे साल सांगितलंत ते चुकलंय’ असं म्हणायचा. आमच्या परिषदांना तो मास्तर परवडणार नाही.

‘सगळेच थोडं फुगवून सांगतात, धंदाच आहे’ असं माझा एक मित्र म्हणतो. चप्पल लाइनमधला विक्रेताही फुगवून सांगतो, कबूल. पण तिथे चप्पल तुमच्या हातात असते. वाकवून बघा, वास घ्या, पाय घालून चार पावलं चाला, शेजारच्या दुकानात जाऊन भाव विचारा. माझ्या आलेखाला पाय कसा घालणार? आणि त्या आलेखावर विसंबून कुणी इचलकरंजीचा, कुणी बार्शीचा पोरगा आपल्या बापाच्या दुकानाचे लाख-दीड लाख जाहिरातीत घालतो. भाषणानंतर असे तिघं मला भेटले. ‘सर, आमचंपण होईल ना?’ मी म्हणालो, होईल. माझ्या सहाशेंच्या यादीत ते तिघं आहेत. त्यांचं पुढे काय झालं हे मी आजवर विचारलेलं नाही, कारण उत्तराचा अंदाज आहे.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारखी चप्पल मॉडेलच्या पायात घातली आणि तिला नुसतं लेदर सँडल म्हटलं. २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांना मिळून भौगोलिक मानांकन मिळालेली चप्पल, आणि नाव गायब. गाव पेटलं. पुढे कंपनीला हे मूळ मान्य करावं लागलं. मीही लिंक्डइनवर दणकून लिहिलं: आमच्या कारागिराचा घाम, तुमचं लेबल. ती पोस्ट खूप फिरली, आणि तिच्याच जोरावर मला नववं निमंत्रण आलं. प्राडानं नाव गाळलं. मी नाव घेत होतो, फोटो दाखवत होतो आणि हिशेब गाळत होतो. फोटोसाठी काकांना विचारलं होतं का? ‘साइटवर टाकतो’ एवढंच बोललो होतो. साइट बंद झाली, फोटो नऊ शहरं फिरला.

नवव्या भाषणानंतर मी सुभाषनगरात गेलो आणि काकांना मोबाइलवर ती स्लाइड दाखवली. चष्मा वर करून त्यांनी आधी फोटो बघितला.

“ही जुनी रापी हाय. मोडली ती.”

मग आलेखावर बोट ठेवून म्हणाले, “ह्ये काय चढतंय?”

“विक्री, काका.”

“कुणाची?”

मी ‘धन्यवाद’च्या पानाचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. “मग त्या यंत्राला सांगायचं की रं बाळा, चप्पल परत आली म्हणून.” सांगता येतं, मी म्हणालो. त्यावर ते काही बोलले नाहीत. पट्ट्याची वेणी पुन्हा हातात घेतली. थोड्या वेळानं विचारलं, “माणसं किती हुती तुझ्या भाषणाला?”

“शेवटच्याला चारशे.”

“चारशे! मग जोड किती गेलं?”

एकही नाही. नऊ भाषणांत मिळून एकही नाही. त्या सभागृहांमध्ये चप्पल हवी असलेला माणूस कधी नव्हताच, आणि मीही ती विकायला गेलो नव्हतो.

गेल्या महिन्यात दहावं निमंत्रण आलं, गोव्याचं. त्याआधी दोन रात्री बसून मी परत आलेल्या पार्सलांच्या नोंदी कुरिअरच्या जुन्या फायलींतून काढल्या आणि आलेख नव्यानं केला. जाहिरातीचा खर्च, दोन्ही भाडी आणि बुरशीनं गेलेले जोड धरून. तो तीन महिन्यांचा नाही, आठ महिन्यांचा आहे, आणि वर चढत नाही. फोटो काढून टाकला. आयोजकांना कळवलं की तीच केस स्टडी सांगतो, या आलेखासकट, आणि माझ्या नावाखाली ‘कोल्हापूर’ लिहा.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘कोल्हापूर’बद्दल काहीच अडचण नव्हती, उलट ‘सुपर’ असं लिहिलं होतं. आलेखाबद्दल म्हटलं होतं की प्रेक्षक प्रेरणा घ्यायला येतात, तेव्हा मुख्य भाषणात पहिले तीन महिनेच ठेवूया. बाकीचं शेवटी प्रश्नोत्तरांत घेता येईल, वेळ उरला तर.