एका वेळी एकच खुंटी

२०१४ सालची दिवाळी. ताई फराळाच्या डब्यांबरोबर एक भलंमोठं खोकं घेऊन रिक्षातून उतरली. खोक्यात कॉम्प्युटर होता आणि खोक्यामागे तोंड पाडून उभा असलेला माझा भाचा.

"मामा, गेम अडकतोय. दुकानदार म्हणतो ग्राफिक्स कार्ड बदला, दहा हजार लागतील."

"दहा हजार कशाशी खातात ते ठाऊक नाही याला," ताई म्हणाली. "तू बघ बाबा, काही होतंय का."

ज्या माणसाने एकदा कधीतरी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढून दाखवलेला असतो, त्याच्यावर पुढे जन्मभर ही वेळ येते!

गेम होता 'स्कायरिम'. 'द एल्डर स्क्रोल्स' मालिकेतला हा पाचवा खेळ, अमेरिकेतल्या बेथेस्डा गेम स्टुडिओजने ११ नोव्हेंबर २०११ रोजी आणलेला. अशा खेळांना रोल प्लेइंग गेम म्हणतात, म्हणजे सोंग घेऊन खेळायचं. सुरुवातीला तुम्ही कैदी असता, घोडागाडीतून तुम्हाला शिरच्छेदासाठी नेत असतात आणि नेमका त्याच वेळी ड्रॅगन येतो. तिथून पुढे बर्फाळ डोंगर, गावं, गुहा, सगळं तुमच्या मर्जीवर. लढा, लोहारकाम करा, नाहीतर नुसती फुलं वेचत हिंडा. भाच्याचा हा प्रवास तीन महिने चालला होता. त्याने तिथे घर घेतलं होतं, लग्नसुद्धा केलं होतं. ताईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं!

आता गेम अडकतो म्हणजे काय होतं? सिनेमात सेकंदाला २४ चित्रं पडद्यावर येतात, पण ती आधीच काढलेली असतात. गेममधलं प्रत्येक चित्र कॉम्प्युटरला त्या क्षणी काढावं लागतं, कारण तुम्ही कुठे वळणार हे त्याला आधी माहीत नसतं. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात झाडं, पाणी, धुकं, सावल्या सगळं रंगवून झालं पाहिजे. नाही झालं, की चित्र अडखळतं.

आधी खोक्याचं झाकण उघडलं. पंख्यावर धुळीचा गालिचा होता. धुळीमुळे कॉम्प्युटर तापतो आणि तापला की स्वतःला सांभाळण्यासाठी वेग कमी करतो. वीज बंद करून मऊ ब्रशने धूळ काढली. खर्च शून्य.

मग सेटिंग पाहिली. भाच्याने सगळं 'अल्ट्रा'वर ठेवलं होतं. जेवायला बसल्यावर पंगतीतला प्रत्येक पदार्थ पोटभर खायचा, तसा प्रकार! यातला सर्वांत महागडा पदार्थ सावल्यांचा. सावली दाखवण्यासाठी गेम जणू सूर्याच्या जागी उभा राहून त्या दृश्याचा नकाशा काढतो. सूर्याला जे दिसत नाही, ते सावलीत. हा नकाशा ठरावीक चौकटींचा असतो, २०४८ बाय २०४८ किंवा ४०९६ बाय ४०९६. आकडा दुप्पट केला की चौकटी चौपट होतात आणि कामही वाढतं. तो नकाशा किती लांबपर्यंत ताणायचा, हे आणखी एक आकडा ठरवतो. भाच्याकडे तो ८००० होता. म्हणजे चादर तेवढीच आणि पलंग मात्र केवढा तरी मोठा. मी नकाशा तेवढाच ठेवला आणि अंतर ४००० वर आणलं. दूरच्या डोंगरावरच्या सावल्या गेल्या, पण पायाजवळच्या सावल्यांच्या कडा आणखी रेखीव झाल्या आणि गेमही हलका झाला. कमी केलं आणि जास्त चांगलं दिसलं, हे गणित ताईलाही पटलं.

वस्तूंच्या कडांवर दिसणाऱ्या पायऱ्या घालवण्यासाठी त्याने आठपट मेहनतीचा पर्याय निवडला होता. तो बंद करून 'एफएक्सएए' हा स्वस्तातला पर्याय लावला. भिंतींचे, कपड्यांचे पोत मात्र उत्तम प्रतीचेच ठेवले. त्यांना वेगापेक्षा कार्डातली मेमरी लागते आणि ती पुरेशी होती.

इथे थांबायला हवं होतं. पण हात शिवशिवत होते. भाच्याने कुठूनतरी ऐकलं होतं, की 'व्हीसिंक' बंद केलं की वेग मोकळा सुटतो. बंद केलं. मोकळ्या रानात फारसा फरक नाही, पण आपल्या हिरोने घराचं दार उघडलं, तर टेबलावरची ताटंवाट्या हवेत उडाल्या. या गेममधलं वस्तू पडण्या-आदळण्याचं गणित सेकंदाला ६० चित्रांच्या हिशेबावर बांधलेलं आहे. वेग त्याच्या वर गेला, की हिशेब फिसकटतो. लगेच पूर्ववत केलं.

तरीही शहाणपण आलं नाही. कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये गेमच्या सेटिंगच्या दोन साध्या फाइली असतात. तिथे 'यू ग्रिड्स टू लोड' नावाची ओळ आहे. तिच्यापुढे ५ असतात. म्हणजे तुमच्या भोवतालचे ५ बाय ५, असे २५ चौकोन पूर्ण बारकाव्यांनिशी उभे राहतात. मी ५ चे ७ केले. २५ चे ४९ चौकोन झाले! लांबचा डोंगर असा काही उठून दिसू लागला, की भाच्याने माझ्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. दुपारभर तो खेळला. संध्याकाळी गेम पुन्हा जड झाला, म्हणून मी ७ चे ५ केले.

गेम सुरूच होईना. जतन केलेला खेळ उघडायला गेलं, की धाडकन बंद. सात चौकोनांच्या हिशेबाने जतन झालेला खेळ पाचात मावत नाही, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. भाचा नेहमी एकाच नावावर खेळ जतन करायचा, त्यामुळे जुनं काही उरलंच नव्हतं. तीन महिने, घर, बायको, सगळं गेलं. तो काही बोलला नाही. उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्याच्या न बोलण्यानेच मला जास्त लागलं. गेम म्हणजे पोरखेळ, असं आपण मोठी माणसं सहज म्हणून टाकतो. पण तीन महिन्यांची कमाई ती कमाईच.

रात्री एक वाजता वाट सापडली. पुन्हा ७ केले, गेम रखडत रखडत उघडला. तो चालू ठेवूनच फाइलमध्ये ५ लिहिले, गेममध्ये परत येऊन टॅबच्या वरच्या कळीने आज्ञा लिहायची पट्टी उघडली आणि 'रिफ्रेश आयएनआय' असं लिहिलं. मग खेळ जतन केला, बंद केला, पुन्हा उघडला. उघडला! भाच्याला उठवून दाखवलं. तो झोपेतच हसला.

त्या रात्री मी त्याच्या वहीत चार ओळी लिहून दिल्या. हात लावण्याआधी सेटिंगच्या फाइलींची आणि जतन केलेल्या खेळाची प्रत वेगळी ठेवायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदल केल्यावर दरवेळी त्याच ठिकाणी पाच मिनिटं खेळून पाहायचं. आणि जुना आकडा लिहून ठेवल्याशिवाय नवा घालायचा नाही. तंबोरा लावताना चारही खुंट्या एकदम पिळल्या, तर कुठली तार बिघडली ते कळणार कसं?

२०१६ साली याच गेमची ६४ बिटची 'स्पेशल एडिशन' आली. नव्या खेळांमध्ये तर सेटिंगची पानंच्या पानं असतात. तरी त्या चार ओळी अजून चालतात. कार्ड खरोखरच अपुरं असेल, तर पैसे खर्चावे लागतात, हेही खरंच. पण त्या दिवाळीत ताईचे दहा हजार वाचले.

भाचा आता नोकरी करतो. परवा फोनवर म्हणाला, "मामा, ऑफिसात नव्या पोरांना मी पहिलं काय शिकवतो माहीत आहे? आधी जुनं जपून ठेवा, मग नव्याला हात लावा."

मी विचारलं, "आणि तुझी ती गेममधली बायको?"

"आहे की! त्या फाइलीच्या तीन प्रती ठेवल्यात."