बॅकग्राउंडला कोण वाजतंय?

परवा रात्री दीड वाजता मी टाइप करता करता थांबले. डेडलाइन सकाळी नऊची, कॉफीचा चौथा मग, हेडफोनमध्ये 'कामात लक्ष लागावं' टाइप प्लेलिस्ट. आणि ते सुरू झालं. खाली एक जड सूर, वर एक अलगद कॉर्ड. असं चारदा. मग कुठे धून येते, तीही अजिबात घाई नसलेली.

तुम्हीही ऐकलंय हे, पैज लावते. सिनेमात, नाहीतर एखाद्या कॅफेत. एरिक साती या फ्रेंच माणसाची पहिली 'जिम्नोपेदी', १८८८ सालची. तेव्हा तो जेमतेम एकवीस-बावीसचा. संगीत शाळेतल्या मास्तरांनी आळशी ठरवलेला. पुढे पोटासाठी माँमार्त्रच्या कॅबरेत पियानो वाजवायचा. पियानो म्हणजे बोटांची सर्कस, असा तो जमाना. याच्या तिन्ही जिम्नोपेदी मात्र शिकाऊ पोरगंही वाजवेल. कठीण काय, तर हळू राहणं. पहिलीवर त्यानं सूचनाच लिहिलीय : सावकाश आणि वेदनेनं.

गंमत म्हणजे, बॅकग्राउंड म्युझिकची आयडियाही याच बाबाची! टेबल-खुर्चीसारखं खोलीत नुसतं असणारं संगीत. नावही 'फर्निचर म्युझिक'. १९२० मध्ये पॅरिसच्या एका गॅलरीत मध्यंतरात ते वाजवलं, तर लोक गप्प बसून ऐकायलाच लागले. साती ओरडतोय, अरे बोला, फिरा, ऐकू नका! पण कोण हलतंय?

माझंही तेच झालेलं. मग काय, गूगल! १८९८ पासून तो पॅरिसजवळच्या आर्केय गावात एका खोलीत राहायचा. १९२५ मध्ये तो गेल्यावर मित्र आत शिरले. छत्र्यांचा ढीग, एकावर एक ठेवलेले दोन पियानो आणि धूळ. सत्तावीस वर्षांत त्यांच्यातल्या कुणीच ती खोली पाहिली नव्हती.

मी माझ्या खोलीकडे बघितलं. फ्रीलान्सिंग सुरू केल्यापासून आठ महिन्यांत इथे कोण आलं? कुरियरवाला. गॅसवाला. मैत्रिणींचं 'भेटू या ना गं' चालू असतं, माझंही. पुढे काही होत नाही. कुणी विचारलं तर कामात आहे म्हणायचं आणि हेडफोन चढवायचे.

नऊला लेख पाठवला. सव्वानऊला दोघींना फोन केला. मेसेज नाही, फोन. शनिवारी येताहेत. खोली आवरायचीय, ते एक संकटच आहे. म्युझिक मात्र लावणार नाही. साती लागला तर आम्ही तिघी गप्पच बसू.