नव्वद टक्के, पण कशाचे?

दहावीचा निकाल शंभर टक्के लावायचा, तर कच्च्या मुलांना सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवायचं, ही काही शाळांची युक्ती महाराष्ट्रातल्या पालकांना चांगलीच ठाऊक आहे. सॉफ्टवेअरवाल्यांकडेही तिची एक आवृत्ती आहे. चाचण्या चालवताना प्रोग्रामच्या किती ओळी प्रत्यक्षात चालल्या, त्या टक्केवारीला हिंजवडी-खराडीत ‘कोड कव्हरेज’ म्हणतात. सोनारक्यूब या तपासणी करणाऱ्या साधनाच्या ठरीव नियमांत नव्या कोडसाठी ८० टक्क्यांची अट असते. ती पाळली की हिरवी खूण मिळते आणि क्लायंट खूश होतो. मात्र हे ८० टक्के नेमके कशाचे, हे तो सहसा विचारत नाही.

ते ठरतं सेटिंगच्या फाइलमधल्या दोन-चार ओळींवर. जावास्क्रिप्टसाठी वापरलं जाणारं जेस्ट घ्या. वेगळं काही सांगितलं नाही, तर चाचण्या चालताना उघडलेल्या फाइलीच ते मोजतं. एकही चाचणी जिच्यापर्यंत पोचली नाही, ती फाइल शून्य टक्के म्हणून दिसत नाही. ती अहवालातच नसते. समजा, प्रकल्प १०,००० ओळींचा आहे. चाचण्यांनी उघडलेल्या फाइलींत ४,००० ओळी आहेत आणि त्यांतल्या ३,६०० चालल्या. अहवाल म्हणतो ९० टक्के. सगळा प्रकल्प मोजला, तर ३६!

हे टाळायची सोय जेस्टमध्ये आहे. मोजायची फोल्डरं आपण नेमून द्यायची. पायथनच्या ‘कव्हरेज डॉट पाय’लाही फोल्डर नेमून दिलं, की कधीच न उघडलेल्या फाइली शून्य टक्क्यांसह अहवालात हजर होतात. खरं तर हे न सांगताच व्हायला हवं होतं.

वगळणं म्हणजे लबाडीच, असं मात्र नाही. यंत्राने लिहिलेला कोड किंवा बाहेरून आणलेली लायब्ररी मोजून कुणाचंच भलं होत नाही. जावासाठीचं जकोको म्हणूनच नावात ‘जनरेटेड’ असलेली खूण दिसली, की तो भाग सोडून देतं. गंमत अशी, की तशी खूण कुणालाही बनवता येते. हाताने लिहिलेल्या, चाचणी लिहायला किचकट असलेल्या कोडवर ती डकवली, की एकही नवी चाचणी न लिहिता टक्का चढतो. याला चलाखी म्हणणं म्हणजे फारच सौम्य बोलणं झालं.

खुद्द चाचण्यांच्या फाइली मोजाव्यात का, यावर मात्र प्रामाणिक मतभेद आहेत. त्या जवळजवळ पूर्ण चालतात, म्हणून आकडा फुगतो. तरीही ‘कव्हरेज डॉट पाय’ सांभाळणारे नेड बॅचेल्डर त्या मोजाव्यात असं म्हणतात, कारण एकाच फाइलमध्ये एकाच नावाच्या दोन चाचण्या लिहिल्या गेल्या तर पहिली कधी चालतच नाही आणि ते असंच उघडकीस येतं. त्यांचं म्हणणं पटतं. फक्त तो आकडा वेगळा दाखवावा.

काय वगळलं ते सांगायचं कसं, हे एसक्यूलाइटकडून शिकावं. आपल्या फोनमध्ये असलेल्या या डेटाबेसच्या गाभ्याचं ब्रँच कव्हरेज (कोडमधल्या प्रत्येक फाट्याच्या सगळ्या वाटा चालल्या का, याचं मोजमाप) १०० टक्के आहे, असं त्याचे कर्ते सांगतात आणि एफटीएस-३ व आरट्री यांसारखे विस्तार यात धरलेले नाहीत, हेही तिथेच लिहितात. सॉफ्टवेअर बनवून घेणाऱ्या बँकांनी आणि सरकारी खात्यांनी कव्हरेजच्या अटीसोबत एवढंच मागावं: वगळलेल्या फाइलींची यादी आणि प्रत्येकीपुढे कारण. यादीचा बराच भाग सेटिंगमध्ये तयारच असतो. लिहायची राहिलेली असतात ती कारणं.