ट्रॉलीचे फाळके उंचावले, ब्रेकचे काय?

गळीत हंगाम सुरू झाला की बेळगाव, खानापूर आणि चंदगड परिसरातील रस्त्यांवर एक ठरलेले दृश्य दिसते. पुढे सुमारे दोन टन वजनाचा ट्रॅक्टर, त्यामागे एक किंवा दोन ट्रॉल्या आणि फाळक्यांच्याही वर रचलेला ऊस. गोव्यात उसाचे क्षेत्र थोडे असल्यामुळे हे दृश्य विरळ आहे. मात्र डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे या भागांत चिरे, खडी, रेती आणि शेणखत वाहणाऱ्या ट्रॉल्या आहेतच. त्यांतील अनेक ट्रॉल्या नोंदणीच्या दिवशी जशा होत्या तशा आज राहिलेल्या नाहीत. कोठे फाळके फूटभर वाढवले आहेत, कोठे पाट्यांच्या संचात दोन पाटे जादा चढवले आहेत, कोठे चासीला खालून लोखंडी चॅनेल जोडले आहे. ‘ट्रॉली हेवी करून घेतली’ असे गॅरेजात अभिमानाने सांगितले जाते आणि ऐकणाराही कौतुकाने मान डोलावतो.

या प्रकाराकडे केवळ वाहतूक शिस्तीचा प्रश्न म्हणून पाहण्याची सवय झाली आहे. अपघात झाला की काही दिवस तपासणी होते, चलने फाडली जातात आणि पुढच्या आठवड्यात सारे पूर्ववत सुरू होते. शिस्तीच्या मागे दडलेला हिशेब मात्र कोणी मांडत नाही. तो मांडला तर दिसते की, ट्रॉलीची क्षमता वाढवल्याचा बहुतेकांचा समज हा प्रत्यक्षात ट्रॉलीत मावणारा माल वाढवल्याचा परिणाम असतो. या दोन गोष्टी एक नाहीत.

साधे गणित घेऊ. तीन मीटर लांब, १.८ मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच हौदा असलेल्या ट्रॉलीत सव्वातीन घनमीटरांच्या आसपास माल मावतो. तो माल गवत असेल तर ट्रॉली काठोकाठ भरूनही वजन नगण्य राहते. तीच ट्रॉली ओल्या रेतीने भरली तर भार सहा टनांच्या घरात जातो, कारण ओल्या रेतीचे वजन घनमीटरला १.८ ते २ टन भरते. आता फाळके फक्त ३० सेंटिमीटरने वाढवले, तर हौद्यात आणखी दीड घनमीटरहून अधिक जागा होते आणि तीन टन रेती जादा बसते. फाळका वाढवायला वेल्डरला काही तास पुरतात. त्या तीन टनांचा भार ज्या भागांवर पडतो, त्यांपैकी एकही भाग त्या काही तासांत बदललेला नसतो.

पाट्यांची गोष्ट अधिक बोधक आहे. जादा भार झाला की पाटे बसतात, हौदा टायरला टेकू लागतो आणि चालकाला इशारा मिळतो. जादा पाटे चढवले की हौदा पुन्हा वर उचलला जातो. गाडी ताठ दिसते. पाटा भार सहन करून तो अॅक्सलकडे पोहोचवतो, अॅक्सलची ताकद मात्र तो वाढवत नाही. म्हणजे जादा पाट्यांनी काय साधले? इशारा देणारी खूण पुसली गेली, भार तसाच राहिला. अॅक्सलचे मोजमाप खरोखर वाढवले तर फरक पडतो, हेही खरे. भरीव दांड्याची वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे १० टक्के जाड अॅक्सल सुमारे ३३ टक्के अधिक बळकट ठरतो. पण अॅक्सल बदलण्यास खर्च येतो. म्हणून जुन्याच अॅक्सलला पट्टी वेल्ड करण्याचा मार्ग पत्करला जातो, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने नेमके तेथेच पोलाद कमकुवत होण्याचा धोका असतो. असा अॅक्सल पहिल्या दिवशी तुटत नाही. हजारो खड्ड्यांचे हिसके खाऊन, भेग हळूहळू आत सरकत, तो एके दिवशी वळणावर तुटतो. मालकाला तो ‘अचानक’ तुटल्यासारखा वाटतो.

हबमधील बेअरिंग तर याहून नाजूक. ट्रॉलीत वापरल्या जाणाऱ्या रोलर बेअरिंगवरील भार दुप्पट झाला तर त्याचे अपेक्षित आयुष्य सुमारे दहाव्या हिश्श्यावर येते. टायरच्या बाजूवर त्याची भारक्षमता आणि हवेचा दाब छापलेला असतो. पण ट्रकवरून उतरवलेले जुने टायर ट्रॉलीला चढवण्याची पद्धत इतकी रूढ आहे की, ते आकडे कोणी वाचत नाही. जोडदांडा आणि त्याची पिन यांची आठवण तर ट्रॉली सुटून मागे घसरल्यावरच होते. ट्रॉलीची क्षमता तिच्या सर्वांत दुबळ्या भागाइतकीच असते आणि दुबळा भाग बहुधा तोच असतो ज्याला गॅरेजात हात लागलेला नसतो.

त्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे ब्रेक. शेतीच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. दोन टनांच्या ट्रॅक्टरचे ब्रेक ट्रॅक्टर थांबवण्यासाठी असतात. त्यामागे १० टनांची ट्रॉली लागली की त्याच ब्रेकना सहापट वस्तुमान थांबवावे लागते. सपाट रस्त्यावर ताशी १५-२० किलोमीटर वेगाने हे कसेबसे निभावते. उतारावर नाही. पाच टक्के उतारावर १२ टनांचे हे जोडवाहन सुमारे ६०० किलो वजनाच्या जोराने सतत खाली ओढले जाते. चालकाने ब्रेक दाबला की ट्रॅक्टर मंदावतो, ट्रॉली मात्र त्याला मागून ढकलत राहते. रस्ता ओला असेल किंवा वळण आले तर ट्रॅक्टर आडवा फिरतो आणि ट्रॉली त्याच्यावर येते. चढावर वेगळेच संकट उभे राहते. एकाच अॅक्सलच्या ट्रॉलीत माल पुढे रचला असेल तर जोडदांड्यावरचा भार वाढून ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग निकामी ठरते. अनमोड किंवा चोर्ला घाटाचा रस्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको; पण सत्तरी-सांग्याच्या अंतर्गत रस्त्यांवरील साधे चढउतारही याला पुरेसे आहेत.

कायदा याबाबतीत मोघम नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मुळात ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात हाच अर्थ ठामपणे मांडला. वजनमर्यादा कलम ११३ मध्ये आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती मोडल्यास कलम १९४ खाली २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे; पूर्वी हेच आकडे अनुक्रमे दोन हजार आणि एक हजार होते. म्हणजे वर उल्लेखिलेल्या तीन टनांसाठी २६ हजार रुपये, आणि जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. शिवाय दंड भरून तोच भार पुढे नेण्याची मुभा नाही. २००५ मध्ये परमजीत भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट बंद केली आहे. दंड हा परवाना नव्हे, एवढेच त्याचे सार.

मग हे सारे चालते कसे? दंड मोठा आणि पकडले जाण्याची शक्यता लहान, अशी जोडी असली की दंडाचा धाक राहत नाही. रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाशी तडजोड करण्याचा मोह तेवढा वाढतो. कलम ११४ अधिकाऱ्याला वाहन वजनकाट्यावर नेण्याचा आदेश देण्याचा अधिकार देते, परंतु काटा पुढील मार्गावर १० किलोमीटरच्या आत किंवा मुक्कामाच्या ठिकाणापासून २० किलोमीटरच्या आत असावा लागतो. ग्रामीण भागात हा अधिकार अनेकदा कागदावरच राहतो. चालकाच्या बाजूनेही पाहावे लागेल. त्याला वा ठेकेदाराला पैसे टनावर मिळतात. डिझेल, मजुरी आणि ट्रॅक्टरचा हप्ता फेरीवर जातो. उत्पन्न टनावर आणि खर्च फेरीवर असेल, तर प्रत्येक फेरीत आणखी एक टन रचणे हा लोभ कमी आणि साधा हिशेब अधिक असतो. दर ठरवणाऱ्यांना हे कळत नाही असे नाही.

अंतर वाढले की हा दाब आणखी वाढतो. गोव्याने ते पाहिले आहे. धारबांदोड्यातील संजीवनी सहकारी साखर कारखान्याचे गाळप २०१९-२० च्या हंगामापासून बंद पडले आणि येथील ऊस घाट ओलांडून खानापूरकडे पाठवण्याची वेळ आली. जो ऊस तालुक्याच्या आत कारखान्यावर पोहोचत होता, तो परराज्यात जाऊ लागला. वाहतूक हाच उसाच्या व्यवहारातला सर्वांत जड रकाना झाला. अशा वेळी शेतकऱ्याला जादा भरलेली गाडी दोषी वाटत नाही. रिकामी राहिलेली जागा दोषी वाटते.

रस्त्याचा हिशेब या व्यवहारात कोणाच्याच वहीत नसतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा येथे १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ता चाचण्यांतून असा ठोकताळा निघाला की, रस्त्याची झीज अॅक्सलवरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. अॅक्सलवरचा भार दुप्पट झाला की झीज सोळापट. भारतातील डांबरी रस्त्यांची जाडी ठरवतानाही ८.१६ टनांचा प्रमाण अॅक्सल धरून हेच तत्त्व वापरले जाते. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहू वाहनांच्या अॅक्सलची मर्यादा वाढवली. चार टायरांच्या एका अॅक्सलसाठी ती १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वाढ जेमतेम पावणेतेरा टक्के, पण चौथ्या घाताने मोजली तर रस्त्यावरचा ताण सुमारे ६० टक्क्यांनी वाढतो. ही अधिकृत, मोजूनमापून केलेली वाढ होती. गॅरेजात होणाऱ्या वाढीला असे मापच नाही, आणि ती होते गावातल्या पातळ डांबराच्या रस्त्यांवर. पहिल्या पावसात खड्डे पडले की ठेकेदाराला दोष दिला जातो. तो निर्दोष असतोच असे नाही, पण एकटाही नसतो.

यात खरी खटकणारी गोष्ट पुढेच आहे. कारखान्याच्या दारात येणारे प्रत्येक वाहन भरलेले आणि रिकामे असे दोनदा काट्यावर चढते. उसाचे पैसे त्यावरच ठरतात. खडीच्या क्रशरवर, खनिजाच्या जेटीवरही काटा असतो. म्हणजे कोणत्या क्रमांकाच्या वाहनाने कोणत्या दिवशी किती वजन वाहिले, याची किलोपर्यंतची नोंद रोज तयार होते. रस्त्यावर अधिकारी ज्या पुराव्याच्या शोधात फिरतो, तो संगणकात पडून असतो. गोव्याला याचा अनुभव आहे. २०१२ पूर्वीच्या खाण तेजीत उसगाव-तिस्कपासून सावर्डे-कुडचड्यापर्यंतचे लोक ओसंडून भरलेल्या टिपरविरुद्ध कंठशोष करीत होते. खनिजाच्या टनांचे हिशेब काटेकोर ठेवण्याची घाई मात्र स्वामित्वधन बुडाल्याचा प्रश्न पेटला तेव्हा झाली. सरकारचा पैसा वजनात अडकला की काटा बोलतो. माणसाचा जीव अडकला असेल तर तो केवळ पावती छापतो.

काट्यावरची नोंद परिवहन खात्याच्या नोंदणी माहितीशी जोडली, तर क्षमतेपेक्षा जादा आलेले प्रत्येक वाहन आपोआप समोर येईल. कलम १९४ वाहन चालवणाऱ्याबरोबर ते तसे चालवू देणाऱ्यालाही जबाबदार धरते. त्यामुळे माल स्वीकारणाऱ्याला ‘आम्हाला काय ठाऊक’ असे म्हणण्याची सोय उरणार नाही. त्याहून सोपा उपाय दरात आहे. नोंदणीकृत क्षमतेपलीकडच्या टनांचे वाहतूक भाडे द्यायचे नाही आणि क्षमतेतील टनाचा दर त्या प्रमाणात वाढवायचा, एवढे केले तरी फाळके वाढवण्याचे कारणच संपते. खर्च वाढेल, हे मान्य करावे लागेल. आज तो खर्च रस्त्यावर आणि रुग्णालयात भरला जातो, एवढाच फरक.

खरोखर जड माल वाहण्याची गरज असलेल्यांसाठीही मार्ग हवा. दोन अॅक्सलची, स्वतःचे ब्रेक असलेली, मान्यताप्राप्त उत्पादकाकडून तयार होऊन वाढीव क्षमतेसह नोंदलेली ट्रॉली हा त्याचा सरळ मार्ग आहे. पण ती महाग पडते. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपमोहिमेतून २०१४-१५ पासून यंत्रांना अनुदान मिळते. ब्रेक असलेल्या ट्रॉलीला राज्याने स्वतःच्या तिजोरीतून थोडी जोड दिली आणि जुनी ट्रॉली मोडीत काढण्याची अट घातली, तर लहान शेतकऱ्यालाही बदल परवडेल. नुसता दंड वाढवून ट्रॉलीला ब्रेक येत नाहीत, हे २०१९ नंतर पुरेसे दिसले आहे.

संजीवनीच्या जागी इथेनॉल प्रकल्प उभारण्याचा प्रस्ताव अनेकदा चर्चेत आला आहे. तो मार्गी लागला तर उसाची वाहतूक पुन्हा गोव्याच्या अंतर्गत रस्त्यांवर येईल आणि वाहतूकदारांशी करार नव्याने लिहिले जातील. त्या करारांत टनाच्या दराशेजारी वाहनाच्या नोंदणीकृत क्षमतेचा एक रकाना घालता येईल. कृषी आणि परिवहन या दोन्ही खात्यांनी त्याचा मसुदा आताच तयार ठेवायला हरकत नाही.